फॅशन वीकच्या धावपळीत कपडे बघायचे कधी?

तुम्ही विचारलंय की पॅरिस फॅशन वीकची निमंत्रणं पहिल्यांदाच हातात आली आहेत, मासिकासाठी लिहायचं आहे, तर एका दिवसात किती शो करावेत, काय घालावं, संध्याकाळच्या पार्ट्यांना जावं की नाही आणि हा दिवस नेमका जातो कसा. मी बरेच हंगाम या शोंवर लिहीत आले आहे, आधी वार्ताहर म्हणून आणि नंतर समीक्षक म्हणून. त्यामुळे जरा सविस्तर लिहिते.

आधी एक हिशोब डोक्यात पक्का बसू द्या. एक शो साधारण दहा ते पंधरा मिनिटांचा असतो. तेवढ्यात चाळीस-पन्नास लुक्स, म्हणजे एकेका मॉडेलच्या अंगावरचे पूर्ण पोशाख, समोरून जातात आणि एका मॉडेलला तुमच्या खुर्चीसमोरून जायला तीन-चार सेकंद लागतात. म्हणजे दिवसाला दहा शो केलेत, तरी प्रत्यक्ष कपडे बघायला मिळणारा वेळ जेमतेम दोन तास. बाकीचा सगळा दिवस रांगेत, मेट्रोत, बाकावर बसून वाट बघण्यात आणि ओळखीच्या लोकांशी बोलण्यात जातो. तुम्ही तिथे जाताय ते या दोन तासांसाठी. खाणं, झोप, चपला, पार्ट्या, सगळं त्या दोन तासांच्या सोयीने ठरवा. पहिल्यांदा जाणाऱ्यांचं नेमकं उलट होतं. ते सगळीकडे हजेरी लावतात आणि चौथ्या दिवशी कुठला कोट कुणाच्या शोमधला होता हेही आठवत नाही.

मग प्रश्न येतो की सगळं फोनवर थेट दिसत असताना जायचंच कशाला. त्याचं उत्तर मला जुलै 2020 मध्ये मिळालं. महामारीमुळे पॅरिसचा ओत कुत्यूरचा, म्हणजे मापाने हाताने शिवलेल्या खास कपड्यांचा हंगाम त्या वेळी ऑनलाइन झाला आणि शोंच्या जागी फिल्म्स आल्या. काही फिल्म्स फार सुंदर होत्या. पण कपड्याची पाठ दिसेना, कापडाचं वजन कळेना, मॉडेल वळल्यावर घेर किती वेळाने स्थिरावतो ते समजेना. कॅमेरा तुम्हाला जे दाखवायचं ते दाखवतो. खुर्चीत बसलेला माणूस मात्र कुठे बघायचं ते स्वतः ठरवतो. निमंत्रणाची खरी किंमत एवढीच आहे आणि ती मला अजूनही मोठी वाटते.

आता दिवसाची आखणी. महिलांच्या तयार कपड्यांचे शो वर्षातून दोनदा होतात. फेब्रुवारी-मार्चमध्ये येत्या हिवाळ्याचे, सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये पुढच्या उन्हाळ्याचे. न्यूयॉर्क, लंडन, मिलान आणि मग पॅरिस, असा हा महिनाभराचा प्रवास असतो. त्यात पॅरिसचा मुक्काम सगळ्यात लांब आणि सगळ्यात दमवणारा. पहिला शो सकाळी साडेनऊ-दहाच्या सुमारास, शेवटचा रात्री आठ-नऊला, आणि मध्ये जवळपास दर तासाला काही ना काही. वेळापत्रक बघून वाटतं की सगळं जमेल. अंतरं बघितली की जमत नाही.

अंतरांचा हा प्रश्न जुना आहे आणि एकट्या पॅरिसचा नाही. न्यूयॉर्कमध्ये पूर्वी जो तो आपापल्या लॉफ्टमध्ये शो करायचा. 1990च्या दशकाच्या सुरुवातीला डिझायनर मायकल कोर्सच्या एका शोमध्ये छताचं प्लास्टर मॉडेल्सवर आणि पुढच्या रांगेतल्या पत्रकारांवर पडलं. त्यानंतर अमेरिकी डिझायनरांच्या संघटनेच्या फर्न मॅलिस यांनी सगळ्या शोंना एकाच ठिकाणी आणायचं मनावर घेतलं आणि 1993 पासून ब्रायंट पार्कात तंबू उभे राहू लागले. 2010 मध्ये ते लिंकन सेंटरला गेले, 2015 मध्ये तेही संपलं आणि शो पुन्हा शहरभर विखुरले. पॅरिसमध्ये तर प्रत्येक डिझायनरला आपली स्वतंत्र वास्तू हवी असते. ग्राँ पाले, पाले द तोक्यो, त्युइलरी बागेतला तंबू, कारो द्यू तांप्ल, आणि मध्येच शहराच्या टोकाला असलेलं एखादं गोदाम. गाडीच्या भरवशावर राहू नका. त्या आठवड्यात नदीकाठचे रस्ते तुंबलेले असतात. पाले द तोक्योहून निघून कारो द्यू तांप्लला जायचं असेल तर इएना स्टेशनवर 9 नंबरची मेट्रो पकडा, रेपुब्लिकला उतरा आणि तिथून चालत जा. काळ्या गाड्यांतले लोक तुमच्या मागून येतील.

माझा सल्ला, दिवसाला पाच शो. दोन मोठ्या ब्रँडचे, कारण वाचकांना त्यांच्याबद्दल जाणून घ्यायचं असतं आणि तिथली कारागिरी बघायलाच हवी. दोन नव्या डिझायनरांचे. आणि एक असा, ज्याचं काम तुम्हाला अजिबात समजत नाही. या पाचव्या शोवर मी नेहमी अडून राहते. आवडीच्या डिझायनरकडे आपण पसंतीची मान डोलवायला जातो, तर न समजणाऱ्याकडे गेलं की डोळे उघडतात. या पाचांच्या मध्ये जो वेळ उरेल त्यात एखादं प्रेझेंटेशन किंवा शोरूम बसवा. प्रेझेंटेशनमध्ये मॉडेल्स किंवा पुतळे एका जागी उभे असतात आणि तुम्ही फिरून कपडे बघता. नवशिक्या नजरेसाठी ते शोपेक्षाही चांगलं.

शो वेळेवर सुरू होत नाहीत. अर्धा तास उशीर धरूनच चाला. 2007च्या सप्टेंबरमध्ये न्यूयॉर्कला मार्क जेकब्सचा शो सुमारे दोन तास उशिरा सुरू झाला आणि त्यावर इतका गदारोळ झाला की पुढच्या हंगामापासून त्यांनी घड्याळ पाळायला सुरुवात केली. म्हणून वक्तशीर म्हणून ज्यांची ख्याती आहे त्यांच्याकडे आधी पोहोचा, बाकीच्यांकडे वेळेवर पोहोचलात तरी पुरे. हा वाट बघण्याचा वेळ वाया घालवू नका. सप्टेंबर 2000 मध्ये लंडनला डिझायनर अलेक्झांडर मॅक्वीनने प्रेक्षकांना आरशाच्या भिंती असलेल्या एका मोठ्या पेटीसमोर मुद्दाम ताटकळत बसवलं होतं. दुसऱ्यांचे कपडे न्याहाळायला आलेल्यांना तासाहून जास्त वेळ स्वतःकडेच बघत बसावं लागलं. मग पेटीच्या आत दिवे लागले आणि शो सुरू झाला. तेव्हापासून जागेची मांडणी हा शोचाच भाग आहे असं मी धरून चालते. खुर्च्या किती जवळ ठेवल्यात, मॉडेल कुठून येणार, जमीन कसली आहे, हे बघा. खुर्चीवर ठेवलेला शो नोट्सचा कागद वाचा. त्यात डिझायनरचा सूर कळतो, कधी कापड आणि तंत्राची माहितीही मिळते. पण त्यातली विशेषणं आपल्या लेखात उतरवू नका.

जागेबद्दल. रांगा ठरवणं हे पीआरवाल्यांचं, म्हणजे ब्रँडची प्रसिद्धी सांभाळणाऱ्यांचं, कित्येक आठवड्यांचं काम असतं आणि त्यात ब्रँडच्या दृष्टीने कुणाचं वजन किती हे स्पष्ट दिसतं. तुम्हाला तिसरी-चौथी रांग किंवा उभ्याचं निमंत्रण मिळेल. ते मनाला लावून घेऊ नका. उभ्याचं निमंत्रण असेल तर दाराशी लवकर पोहोचा आणि आत गेल्यावर पीआरच्या माणसाच्या नजरेसमोर राहा. दिवे जाण्याच्या पाच मिनिटं आधी रिकाम्या खुर्च्या भरायची त्यांची घाई सुरू होते आणि तेव्हा समोर दिसेल त्याला आधी बसवतात. 1989 मध्ये डिझायनर मार्टिन मार्जेलाने पॅरिसच्या 20व्या विभागात, मुलांच्या एका खेळाच्या मैदानावर शो केला होता. जो आधी येईल तो पुढे, असा तिथे नियम होता आणि वस्तीतली मुलंही बघायला आली होती. मोठमोठे संपादक तेव्हा मागे उभे राहिले. तो शो आजही लोकांना आठवतो, आणि पुढे कोण बसलं होतं हे त्या आठवणीत कुठेच नसतं.

शो सुरू होण्याची खूण फोनवर शोधू नका, जमिनीकडे बघा. रॅम्पवर बहुतेक वेळा पारदर्शक प्लास्टिक अंथरलेलं असतं, पाहुण्यांच्या चपलांनी डाग पडू नयेत म्हणून. दोन-चार जण येऊन ते गुंडाळून नेऊ लागले की दोन मिनिटांत दिवे जातात. त्याच वेळी टोकाच्या मचाणावर दाटीवाटीने उभे असलेले फोटोग्राफर ओरडतात, पायावरचा पाय काढा, पिशव्या आत घ्या. पुढच्या रांगेतला एक बूट जरी बाहेर आला तरी त्यांची चौकट बिघडते. काही जणांनी सकाळीच येऊन जमिनीवर चिकटपट्टी लावून आपली जागा धरलेली असते. त्यांच्या सूचनेचा मान ठेवा, फार कष्टाचं काम आहे ते.

आणि आता ती बारा मिनिटं. फोन खाली ठेवा, हे मी अगदी आग्रहाने सांगते. प्रत्येक लुकचा समोरून काढलेला उत्तम फोटो संध्याकाळपर्यंत तुम्हाला मिळणारच आहे. फोटोत जे येत नाही ते बघा. मॉडेल लांबून येताना आकार बघा, म्हणजे खांदा, कंबर, लांबी यांचं प्रमाण. ती समोर आली की एकच गोष्ट निवडा आणि तिच्यावरच नजर ठेवा. मी बहुतेक वेळा बाहीचा मुंढा बघते. जॅकेटचा मुंढा नीट कापला असेल तर हात हलताना अंगचा भाग जागेवर राहतो, नसेल तर प्रत्येक पावलाला कॉलर मानेपासून उचलली जाते. उभ्या फोटोत हे कधीच कळत नाही. घागऱ्यासारखा घेर असेल तर खालच्या कडेकडे बघा. तिरप्या धाग्यावर कापलेलं कापड पायाभोवती वळतं आणि हळूच परत येतं, सरळ धाग्यावरचं कापड घडी घालून पुढे फेकलं जातं. आणि ती पुढे गेली की मान वळवून पाठ बघा. बहुतेक लोक तोवर पुढच्या लुककडे वळलेले असतात. कपडा संपवताना डिझायनर कुठे दमला आणि कुठे दमला नाही, ते पाठीवर दिसतं. कानही उघडे ठेवा. टॅफेटाची सळसळ, मण्यांच्या झालरीचा आवाज, जड लोकरीचं काहीही आवाज न करणं, यावरून कापड ओळखायला शिकता येतं.

टिपण छोट्या वहीत, पेन्सिलने, अंधारातही लिहिता येईल असं. लुकचा नंबर आणि दोन शब्द, जमलं तर चार रेघांचं चित्र. "14, पाठीला एकच शिवण, कापड कडक." एवढं पुरतं. रात्री फोटोंशेजारी वही ठेवली की सगळं परत उभं राहतं.

एक धोका इथेच सांगते. 30 सप्टेंबर 2022 ला पॅरिसमध्ये कोपर्नी या ब्रँडच्या शोमध्ये मॉडेल बेला हदीदच्या अंगावर द्रवरूप तंतूंचा फवारा मारून तिथल्या तिथे पांढरा ड्रेस तयार केला गेला. मॅनेल टोरेस या शास्त्रज्ञाचं ते तंत्र होतं. सप्टेंबर 1998 मध्ये मॅक्वीनच्या शोमध्ये दोन यंत्रमानवांनी मॉडेल शॅलम हार्लोच्या पांढऱ्या ड्रेसवर रंग उडवला होता, त्याची अनेकांना आठवण झाली. दोन्ही क्षण थरारक, यात शंका नाही. पण कोपर्नीच्या त्या कलेक्शनमधले बाकीचे कपडे आज किती जणांना सांगता येतील? असा क्षण जगभर सगळ्यांना दिसतोच. तुम्ही खोलीत होतात, तर तुमच्याकडून बाकीच्या कपड्यांबद्दल वाचायला मिळावं.

बॅकस्टेजची परवानगी मिळाली तर शोच्या दोन तास आधी जा, त्यानंतर गर्दीत कुणाला बोलायला सवड नसते. केस आणि मेकअपच्या खुर्च्यांपेक्षा कपड्यांच्या स्टँडकडे जास्त वेळ द्या. प्रत्येक मॉडेलचा वेगळा स्टँड, वर तिचा फोटो, पूर्ण लुकचं चित्र, कुठलं बटण उघडं ठेवायचं याची चिठ्ठी, खाली तळाला पट्टी चिकटवलेले बूट. शिंपी शेवटच्या क्षणी तुरपाई घालत असतात. तिथे कुणाला प्रश्न विचारण्यापूर्वी हातातलं काम संपू द्या. आणि मॉडेल्सकडे माणूस म्हणून बघा. एलव्हीएमएच आणि केरिंग या फॅशन ब्रँडच्या दोन मोठ्या समूहांनी 2017 मध्ये एक सनद केली. 16 वर्षांखालच्या मुलींना मोठ्यांचे कपडे घालून उभं करायचं नाही, 16 ते 18 वयाच्यांकडून रात्री 10 ते सकाळी 6 काम करून घ्यायचं नाही आणि फ्रेंच 32 या अगदी लहान मापाच्या मॉडेल्स घ्यायच्या नाहीत, असं त्यात आहे. रात्रीचा शो लांबला की हे नियम लक्षात ठेवून बघत जा. कपड्यांइतकंच हेही आपल्या लिखाणाचं काम आहे असं मला वाटतं.

शोपेक्षा जास्त शिकवणारी गोष्ट म्हणजे री-सी. शोच्या दुसऱ्या दिवशी ब्रँडच्या शोरूममध्ये पत्रकारांना तेच कपडे स्टँडवर लावून दाखवतात. तिथे हात लावता येतो, उलटं करून अस्तर बघता येतं, काजं हाताने केलीत की यंत्रावर ते कळतं. रॅम्पवर रेशमी वाटलेलं कापड कधी कागदासारखं निघतं, कधी साधा वाटलेला सुती शर्ट आतून इतक्या नाजूक हातशिलाईने जोडलेला असतो की तो तसाच धरून उभं राहावंसं वाटतं. अर्धी समीक्षा मी री-सीनंतर बदलते. वेळ मागण्यासाठी शोच्याच दिवशी पीआरला मेल टाका. शेजारच्या टेबलांवर बायर, म्हणजे दुकानांसाठी माल निवडणारे खरेदीदार, ऑर्डरी लिहीत बसलेले असतील. कोणत्या लुकसमोर ते रेंगाळतात ते बघा. रॅम्पवर टाळ्या घेणारा आणि दुकानात जाणारा कपडा बरेचदा वेगळा असतो. बायरांच्या बजेटचा बराच भाग तर शोच्या आधीच, प्री-कलेक्शनच्या, म्हणजे दोन हंगामांच्या मधल्या कपड्यांच्या वेळी खर्च झालेला असतो.

कपड्यांचं थोडक्यात. चालता येतील असे बूट, पावसाचा अंदाज, आणि दिवसभर बसून-उठूनही चुरगळणार नाही असं कापड. उंच टोपी घालू नका, मागच्यांना दिसत नाही. दाराबाहेर स्ट्रीट स्टाइलच्या फोटोग्राफरांची गर्दी असते. तिथे फोटो निघाला तर आनंद आहे, पण त्यासाठी रस्त्यावर फेऱ्या मारण्यात वेळ घालवू नका. बिल कनिंगहॅम निळं कामगारी जॅकेट घालून सायकलवर फिरत अनेक दशकं न्यूयॉर्क टाइम्ससाठी रस्त्यावरचे फोटो काढत राहिले, 2016 मध्ये गेले. त्यांचा भर लोक रोज खरंच काय घालतात यावर होता. तीच नजर घेऊन रस्त्याकडे बघितलंत तर लेखाला साहित्य मिळेल.

जेवणाकडे दुर्लक्ष करू नका. सकाळी भरपेट खा आणि पिशवीत काहीतरी ठेवा, कारण दुपारी बसून खायला वेळ मिळेलच असं नाही. चार वाजता पोट रिकामं असेल तर पाचचा शो तुम्हाला वाईटच वाटणार, आणि तो दोष डिझायनरचा नसतो.

आता पार्ट्या. तुमच्या प्रश्नात त्यांच्याबद्दल थोडी भीती जाणवली. साधारण तीन प्रकार असतात. संध्याकाळचं कॉकटेल, एखाद्या मासिकाचं किंवा दुकानाचं, तासाभरात आटपणारं. ब्रँडचं जेवण, मोजक्या लोकांचं, नावाच्या चिठ्ठ्या लावलेलं. आणि रात्री उशिराची मोठी आफ्टर पार्टी, जिथे संगीत इतकं मोठं असतं की बोलणं होत नाही. जेवणाचं आमंत्रण आलं तर जा आणि वेळेवर जा, कारण तुमची खुर्ची विचार करून ठेवलेली असते आणि ती रिकामी राहिली की शेजारच्या माणसाची संध्याकाळ बिघडते. चिठ्ठ्यांची अदलाबदल कधीही करू नका. कॉकटेलला अर्धा तास पुरे. आफ्टर पार्टीला हौस असेल तर जा, पण न गेल्याने कामाचं काही अडत नाही.

पार्टीत कुणाशी बोलावं? सगळे डिझायनरभोवती कोंडाळं करतात. तुम्ही कोपऱ्यात उभ्या असलेल्या माणसाला शोधा. तो कापड गिरणीचा प्रतिनिधी असू शकतो, पॅटर्न कापणारी बाई असू शकते, भरतकामाच्या कार्यशाळेतून आलेली कुणी असू शकते. त्यांना त्यांच्या कामाबद्दल कुणी फारसं विचारत नाही आणि विचारलं की ते भरभरून बोलतात. "तो 14 नंबरचा कोट पाठीला एकाच शिवणीवर कसा उभा राहिला?" असा नेमका प्रश्न विचारा. शोचं कौतुक करणारी दहा वाक्यं विसरली जातात, असा एक प्रश्न लक्षात राहतो आणि पुढच्या हंगामात कार्यशाळेचं दार उघडतो. डिझायनर भेटलाच तर एका लुकबद्दल एक वाक्य बोला आणि बाजूला व्हा, त्या रात्री तो थकलेला असतो. पार्टीत ऐकलेलं काही छापायचं असेल तर सांगणाऱ्याला त्याच वेळी विचारा. आणि परतीची सोय आधी ठरवून ठेवा, फोन चार्ज केलेला असू द्या, कुठे जाताय ते एखाद्या सहकाऱ्याला कळवून ठेवा.

भेटवस्तूंचाही प्रश्न येणार. खुर्चीवर ठेवलेली छोटी वस्तू वेगळी आणि हॉटेलवर पाठवलेली महागडी पर्स वेगळी. तुमच्या मासिकाचा नियम जाण्यापूर्वीच संपादकांकडून लेखी घ्या. प्रवास किंवा हॉटेल ब्रँडने दिलं असेल तर लेखात तसं सांगा. वाचकाला ते कळण्याचा हक्क आहे, आणि एकदा सांगून टाकलं की लिहिताना तुमचाही हात मोकळा राहतो.

रात्री खोलीवर आल्यावर कितीही उशीर झाला असला तरी वही उघडा आणि पाच शोंपैकी प्रत्येकाबद्दल तीन-चार पूर्ण वाक्यं लिहा. सकाळपर्यंत ते एकमेकांत मिसळतात. मग पाचपैकी ज्या एकाबद्दल मन अजून साशंक आहे, त्याच्या पीआरला री-सीसाठी मेल पाठवा. आवडलेल्याच्या आधी त्याला.